दिल्लीहून एका दिवसात चंडीगड: २३ जणांचा गट, ल कॉर्बुझिएच्या इमारती. आखणी कशी करावी?

कमानदार विचारतात:

नमस्कार मंडळी. दिल्लीत राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांचा एक गट फेब्रुवारीत चंडीगडला जायचं म्हणतोय, शहर आखणारे आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यांच्या इमारती बघायला. सकाळी निघून रात्री परत, मुक्काम नाही. एकूण २३ जण. त्यात सहा आर्किटेक्चरचे विद्यार्थी, चार जण सत्तरीच्या पुढचे, बाकीच्यांना विषयाची आवड आहे पण शिक्षण त्यातलं नाही.

विचारायचं आहे ते असं. कुठला वार बरा? कॅपिटॉल कॉम्प्लेक्समध्ये (हायकोर्ट, विधानसभा, सचिवालयाचं आवार) आत सोडतात का, परवानगी कशी काढायची? एका दिवसात किती इमारती नीट बघून होतील आणि कुठल्या क्रमाने? गाडी दिल्लीहूनच करावी की रेल्वेने जाऊन तिथे करावी? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे उभं राहिल्यावर नेमकं बघायचं काय? नुसते फोटो काढून परत यायचं नाहीये.

---

मोजपट्टी:

वारापासून सुरुवात करा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

शनिवार घ्या. सोमवारी सेक्टर १० मधलं सरकारी संग्रहालय, सेक्टर १९ मधलं ल कॉर्बुझिए सेंटर आणि सेक्टर ५ मधलं, कॉर्बुझिएंचे सहकारी आर्किटेक्ट पिएर जेनेरे यांचं घर, तिन्ही बंद असतात. म्हणजे सोमवारी गेलात तर अर्धा दिवस वाया. सोमवार ते शुक्रवार हायकोर्ट भरतं, सचिवालयात पंजाब आणि हरियाणा दोन्ही सरकारांची कचेरी चालू असते. वकील, पक्षकार, गाड्या, पोलीस यांच्या गर्दीत २३ जणांचा गट रेंगाळू देत नाहीत. शनिवारी कोर्टाचं कामकाज नसतं, संग्रहालयं उघडी असतात. रविवारही चालेल, पण त्या दिवशी बाजूच्या रॉक गार्डनला आणि सुखना तलावावर सगळं शहर लोटतं आणि तुमची बस पार्किंगमध्येच अडकते.

फेब्रुवारीत एक धोका आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही राज्यांची अर्थसंकल्पी अधिवेशनं असतात. अधिवेशन चालू असताना विधानसभेच्या आसपासही फिरकू देत नाहीत. तारीख पक्की करण्याआधी दोन्ही विधानसभांच्या तारखा बघून घ्या. एकाच इमारतीत दोन सभागृहं आहेत, त्यामुळे एकाचं अधिवेशन नसलं म्हणजे झालं असं नाही.

परवानगीबद्दल. कॅपिटॉल कॉम्प्लेक्स म्हणजे सेक्टर १. तिथे एकट्यादुकट्याने आपापलं फिरता येत नाही. सेक्टर १ मध्येच चंडीगड पर्यटन विभागाचं केंद्र आहे. तिथे नाव नोंदवायचं, मूळ ओळखपत्र दाखवायचं, आणि ठरावीक वेळेला गाइड सगळ्यांना एकत्र घेऊन जातो. साधारण दीड तास आणि जवळपास दोन किलोमीटर चालणं. फेऱ्यांच्या वेळा बदलत राहतात, म्हणून आठवडाभर आधी एकदा आणि आदल्या दिवशी पुन्हा एकदा फोन करा. २३ हा आकडा मोठा आहे. आधी ईमेल करून नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक अशी यादी पाठवा. विद्यार्थ्यांसाठी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घ्या. यादीतला क्रम आणि रांगेत उभं राहण्याचा क्रम एकच ठेवलात तर गेटवरची वीस मिनिटं वाचतात.

नेहमी फसतं ते इथे: कुणीतरी ओळखपत्राचा फोटो मोबाइलवर दाखवतो आणि गेटवर मूळ कार्ड मागतात. एकामुळे बावीस जण खोळंबतात. निघायच्या दिवशी स्टेशनवरच प्रत्येकाचं कार्ड हातात घेऊन बघा. मोठ्या पिशव्या, ट्रायपॉड, ड्रोन बसमध्येच ठेवा. एवढी कडक तपासणी का, हेही गटाला सांगून ठेवा. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी याच सचिवालयासमोर झालेल्या बॉम्बस्फोटात पंजाबचे मुख्यमंत्री बेअंतसिंग मारले गेले. लोकांनी मोकळेपणी वावरावं म्हणून आखलेला तो विशाल चौक त्यानंतर कुंपणांनी आणि चौक्यांनी तुटला. कारण माहीत असलं की लोक पहारेकऱ्यांशी हुज्जत घालत नाहीत.

रेल्वेनेच जा. रस्त्याने अंतर अडीचशे किलोमीटर, म्हणजे पानिपत-कर्नाल-अंबाला करत साडेचार ते पाच तास एका बाजूने. दिवसाचे दहा तास बसमध्ये गेले तर बघायला काय उरणार? नवी दिल्लीहून सकाळी पावणेसहाच्या सुमारास सुटणारी अंब अंदौरा वंदे भारत साडेआठ-पावणेनऊला चंडीगडला सोडते (आठवड्यातून एक दिवस ती नसते, तेवढं तपासा). परतीला कालका शताब्दी संध्याकाळी सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान चंडीगडहून निघते आणि दहाच्या आसपास नवी दिल्ली. सकाळची शताब्दी पावणेआठच्या सुमारास सुटते, पण ती अकराला पोहोचते आणि कॅपिटॉलची सकाळची फेरी हुकते.

एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणजे २३ जणांची चार तिकिटं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. चौघांनी चार खात्यांवरून एकाच वेळी काढा, म्हणजे डबा एक मिळायची शक्यता वाढते. ज्येष्ठांचं तिकीट त्यांच्या सोबत्याबरोबरच काढा, वेगळं नको.

तिथे गाडी करताना एक २६ सीटर घेण्यापेक्षा दोन १२ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर बऱ्या. कुणी दमलं तर एक गाडी पुढे जाऊ शकते, आणि सेक्टरांच्या आतल्या रस्त्यांवर लहान गाडी उभी करायला जागा मिळते.

क्रम वरून खाली ठेवा. शहराचा उतार ईशान्येच्या डोंगरांकडून नैऋत्येकडे आहे, आणि सेक्टर १ सगळ्यात वर.

९:१५ नाश्ता, १०:०० सेक्टर १ चं पर्यटन केंद्र, साडेदहाच्या आसपासची फेरी. १२:१५ ला तिथून निघून सेक्टर ५ मधलं ५७ क्रमांकाचं घर, अर्धा तास. १:०० ते २:१५ सेक्टर १० चं संग्रहालय. जेवण सेक्टर १७ किंवा २२ मध्ये. ३:१५ नंतर सेक्टर १९ चं सेंटर, पाऊण तास. पाच वाजता काहीही झालं तरी स्टेशनकडे. शनिवारी संध्याकाळी मध्य मार्गावर गर्दी असते.

यात सहावी जागा घुसवू नका.

---

सेंट्रिंग:

मोजपट्टींनी वेळापत्रक चोख दिलंय. मी फक्त "बघायचं काय" यावर लिहितो.

पहिली गोष्ट उन्हाची. विधानसभेची दर्शनी बाजू आग्नेयेला आहे, हायकोर्टाची वायव्येला. दोन्ही इमारती चारशे मीटरहून जास्त अंतरावरून एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत. म्हणून सकाळी विधानसभेचा तो वर वळलेला पन्हळीसारखा छज्जा उन्हात असतो, समोरच्या पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडतं, आणि हायकोर्ट मात्र सावलीत. फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे हायकोर्टाच्या दर्शनी भागावर दुपारनंतरही तिरपंच ऊन येतं. तिथले हिरवा, पिवळा, लाल असे तीन खांब फोटोत फिके का आले, असं प्रत्येक जण विचारतो. कॅमेऱ्यात आकाश धरून प्रकाश मोजला की सावलीतले रंग मरतात. खांबावर बोट ठेवून प्रकाश मोजा, आकाश पांढरं गेलं तरी चालेल.

हायकोर्ट सगळ्यात आधी, १९५५ मध्ये उभं राहिलं. त्याच्याकडे बघताना दोन छपरं बघा. खाली खोल्यांचं छप्पर, वर मोठी छत्री, आणि मधे मोकळी हवा. वरचं छप्पर तापतं, मधून वारा वाहतो, खालचं त्या मानाने थंड राहतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या गावात ही युक्ती साधी आणि पक्की आहे. छत्रीचा आतला भाग कमानींसारखा वळलेला दिसतो, तो आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी मान वर करून पाच मिनिटं तरी बघावा.

आता दर्शनी बाजूची काँक्रीटची चौकटी-चौकटींची जाळी. ती नक्षी नाही. उन्हाळ्यातला उंच सूर्य अडवायचा आणि हिवाळ्यातला खालचा आत घ्यायचा, या हिशेबाने खोली ठरवलेली आहे. तिच्यात चूकही आहे आणि ती मान्य करावी. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळी तीच ऊब खोल्यांकडे टाकतं. दगडी वाड्याच्या भिंतीसारखं जाड वस्तुमान आहे, पण वाड्याला रात्री उघडायला चौक असतो, इथे जाळीच्या मागे लगेच काच आहे. सचिवालयाच्या दर्शनी भागावर आज दिसणारी एसीची यंत्रं त्याचंच उत्तर आहे. इमारत विद्रूप केली म्हणून नुसतं हळहळू नका, ती का लागली ते समजून घ्या.

सचिवालय २५४ मीटर लांब आहे. एका टोकाला उभं राहून दुसरं टोक बघितलं तर ते कंटाळवाणं वाटायला हवं, पण वाटत नाही. कारण मधे एका भागात जाळीची मापं बदलतात, तिथे मंत्र्यांच्या खोल्या आहेत. बाहेरून चिकटवलेले चढणीचे रॅम्पही तिथेच दिसतात. कर्मचाऱ्यांनी लिफ्टची वाट न बघता चालत वर जावं, असा तो विचार.

विधानसभेत आत जायला मिळालं (गाइडच्या फेरीत ते त्या दिवशीच्या सुरक्षेवर ठरतं, धरून चालू नका) तर मोबाइल बाहेर जमा होतो. दारातून आत गेल्यावर लगेच पुढे पळू नका. मधलं दालन अंधारं आहे, काळं छत, उंच गोल खांबांचं रान. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. मग वरून झिरपणारा प्रकाश दिसायला लागतो. पंजाबचं सभागृह ज्या गोल कवचात आहे, त्याचा आकार वीजकेंद्राच्या थंडावा-मनोऱ्यावरून (कूलिंग टॉवर) आला. कॉर्बुझिएंनी असे मनोरे अहमदाबादेत पाहिले होते. आकार अप्रतिम, पण आवाजासाठी वाईट. वक्र भिंत आवाज गोळा करून परत फेकते. म्हणून भिंतीवर रंगीत ढगांसारखे तुकडे चिकटवलेत, ते आवाज शोषणारे पॅनेल आहेत. बहुतेक लोक त्यांना सजावट समजतात. हरियाणाचं सभागृह पिरॅमिडखाली आहे. छपरावर गोल कवच आणि पिरॅमिड शेजारी-शेजारी दिसतात, ते बाहेरून ओळखायला शिका.

आणि जवळून बघण्याची गोष्ट म्हणजे काँक्रीट. हात लावा. सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) फळ्यांचे सांधे, लाकडाच्या गाठी, रेषा, सगळं त्यात उमटलंय. गिलावा नाही, रंग नाही, त्यामुळे झाकायला जागाच नव्हती. घमेल्याने वाहून, थरावर थर ओतलेलं काँक्रीट आहे. दोन दिवसांच्या ओतकामाच्या मधली आडवी रेघ अनेक ठिकाणी स्पष्ट दिसते. ती रेघ शोधा आणि एका दिवसात किती उंची ओतली ते मोजा. जिथे फळीचा सांधा नीट बसला नव्हता तिथे सिमेंटचं पाणी निघून गेलं आणि खडी उघडी पडली, तेही दिसेल. काही ठिकाणी फळ्यांना आतून लाकडी साचे ठोकून मासा, साप, बैल, सूर्य, झाड, हात वर केलेला माणूस अशी चिन्हं उमटवलीत. तिरप्या उन्हात ती वर येतात, डोक्यावरच्या उन्हात हरवतात. सकाळची फेरी घ्या म्हणतो ते यासाठीसुद्धा.

विद्यार्थ्यांनी पाच मीटरची टेप खिशात ठेवावी. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या: २७, ४३, ७०, ११३, १८३, आणि दुसरी मालिका ८६, १४०, २२६, ३६६. सगळे सेंटिमीटर. १८३ म्हणजे माणसाची उंची, २२६ म्हणजे हात वर केल्यावर. कॉर्बुझिए या मापपद्धतीला मोड्युलॉर म्हणत. दुसरी मालिका पहिलीतल्या ४३ पासूनच्या आकड्यांच्या दुप्पट आहे, करून बघा. कठडा, बसायचा कट्टा, दाराची उंची, जाळीची खोली मोजा आणि कुठला आकडा जुळतो ते बाजूला लिहा. जुळला नाही तर तेही लिहा. ज्यांना आर्किटेक्चर शिकायचं नाही त्यांनाही या खेळातून इमारत जेवढी कळते तेवढी भाषणातून कळत नाही.

ओपन हँड, म्हणजे उघड्या हाताचं शिल्प, शेवटी येतो. सगळी उंची २६ मीटर, धातूच्या हाताचं वजन ५० टन, आणि तो वाऱ्याने फिरतो. कॉर्बुझिए १९६५ मध्ये गेले, हात उभा राहिला १९८५ मध्ये. खालच्या खोलगट चौकात उतरून वर बघा.

---

विटेची भिंत:

मी थोडं वेगळं सांगते. वरचं सगळं बरोबर आहे, पण नुसतं कॅपिटॉल आणि संग्रहालय बघून आलात तर चंडीगड बघितलं असं होणार नाही. माणसं राहतात ते शहर खाली आहे, आणि ते बहुतांशी कॉर्बुझिएंनी स्वतः काढलेलं नाही.

घरं काढली पिएर जेनेरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी, त्यांच्याबरोबरच्या भारतीय आर्किटेक्टांनी. फ्राय आणि ड्रू तीन वर्षं होते. जेनेरे १९६५ पर्यंत राहिले. त्यांच्या अस्थी सुखना तलावात सोडल्या आहेत. भारतीय चमूत उर्मिला यूली चौधरी, आदित्य प्रकाश, एम. एन. शर्मा, जीत मल्होत्रा, बी. पी. माथुर होते, आणि मराठी गटाने हे मुद्दाम लक्षात ठेवावं, ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे हेही होते. आणखी एक धागा: कॉर्बुझिएंच्या पॅरिसच्या कचेरीत चंडीगडच्या नकाशांवर काम केलेले बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मलेले.

म्हणून माझी सूचना: सेक्टर १९ चं सेंटर वगळा किंवा अर्ध्या तासात उरका, आणि जेवणानंतर एक तास सेक्टर २२ मध्ये चाला. हा सगळ्यात आधी वसलेल्या सेक्टरांपैकी एक. ८०० मीटर बाय १२०० मीटर हे सेक्टरचं माप पायाखालून घालवल्याशिवाय कळत नाही. मधून बाजाराचा रस्ता आडवा जातो, हिरवा पट्टा उभा जातो, शाळा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे पोराला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये.

सरकारी घरांचे तेरा प्रकार ठरवले होते, मंत्र्यापासून शिपायापर्यंत पगाराप्रमाणे. तेराव्या प्रकारातल्या सगळ्यात लहान घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास आणि मागे अंगण होतं. १९५० च्या दशकात शिपायाच्या घरात हे सगळं देणं ही फार मोठी गोष्ट होती, आणि मला विचाराल तर चंडीगडचं खरं कर्तृत्व ते आहे. प्रकाराच्या आकड्यापुढे अक्षर असे, त्यावरून घर कुणी काढलं ते कळतं. जे म्हणजे जेनेरे, डी म्हणजे ड्रू, एफ म्हणजे फ्राय.

इथे बघायचं ते असं. उघड्या विटा, विटांच्याच जाळ्या, खिडकीभोवती पुढे आलेली चौकट, गच्चीवर निजण्यासाठी उंच कठडा. वीट का? कारण ती जवळपास भाजली जाई आणि स्वस्त पडे, सिमेंट आणि पोलाद महाग होतं. जाळीची वीट आडवी की उभी, किती भोकं सोडली, मागे काय आहे (बहुधा जिना किंवा न्हाणी) हे विद्यार्थ्यांना काढायला लावा. लोक राहतात तिथे, हे विसरू नका. घरात कॅमेरा रोखू नये, २३ जणांनी एका दारापुढे घोळका करू नये. सहा-सहाचे चार गट करा आणि वेगवेगळ्या गल्ल्यांत पाठवा.

पायाखाली बघत चाला. जुन्या सेक्टरांत काही ठिकाणी अजून बिडाची गटाराची झाकणं आहेत, ज्यांवर शहराचा नकाशा उठावात ओतलेला आहे. सेक्टरांचे चौकोन, मधून वाकत जाणारा हिरवा पट्टा, वर तलाव, सगळं हाताच्या दोन वितींत. गंज आणि माती भरलेली असते, ओल्या फडक्याने पुसलं की उठून दिसतं. पुष्कळ झाकणं चोरीला गेली, काही परदेशी लिलावांत विकली गेली. जेनेरेंच्या सागवान आणि वेताच्या खुर्च्यांचंही तेच झालं. कचेऱ्यांनी मोडीत काढलेल्या, उलट्या व्हीसारख्या पायांच्या त्या खुर्च्या परदेशात मोठ्या किमतीला जातात. सेक्टर ५ च्या घरात आणि सेंटरमध्ये त्या जवळून बघता येतात. पाय आणि हात कुठे जोडलेत ते बघा, सगळा भार तिथे तोलला आहे.

---

मोजपट्टी:

विटेची भिंत यांचं पटलं. सेक्टर १९ अर्ध्या तासावर आणा आणि २२ घ्या, दोन्ही एकमेकांपासून लांब नाहीत. पण जेवण मग २२ मध्येच करा, १७ ला जाऊ नका. १७ च्या चौकात गेलं की गट पांगतो आणि गोळा करायला पाऊण तास जातो.

सेक्टर १० च्या संग्रहालयाबद्दल एक राहिलं. इमारत १९६८ मध्ये उघडली, आणि हिची दोन भावंडं आहेत, अहमदाबादचं संस्कार केंद्र आणि टोकियोचं पाश्चात्त्य कलेचं संग्रहालय. चौरस आराखडा, मधे रॅम्प, वरून प्रकाश हा तिघांचा समान धागा. आत गेल्यावर आधी रॅम्पने वर जा आणि छतातून येणारा प्रकाश भिंतीवर कसा पसरतो ते बघा, मग मूर्ती बघा. गांधार शिल्पांचा संग्रह मोठा आहे, आणि तो इथे का, तर फाळणीनंतर १९४८ मध्ये लाहोर संग्रहालयाची वाटणी झाली आणि भारताच्या वाट्याला आलेले तुकडे शेवटी इथे आले. लाहोर गेलं म्हणून तर पंजाबला नवी राजधानी लागली. इमारत आणि आतला संग्रह एकाच कारणाने इथे आहेत, हे गटाला तिथेच उभं राहून सांगा.

---

सावलीकर:

सत्तरीच्या पुढच्या चौघांसाठी. कॅपिटॉलच्या चौकात झाड नाही, बाक नाही, दुकान नाही. फेब्रुवारीत ऊन सोसवतं, पण काँक्रीटवरून उजेड डोळ्यांवर येतो, टोपी आणि गॉगल लागतोच. प्रत्येकाकडे एक लिटर पाणी असू द्या. फेरी सुरू झाली की मधेच बाहेर पडणं गाइडला अवघड जातं, म्हणून स्वच्छतागृह आधीच पर्यटन केंद्रावर. घडीचं हलकं स्टूल दोन जणांत एक, गेटवर आधी दाखवून घ्या. ज्यांना दोन किलोमीटर झेपणार नाही त्यांनी गाइडला आधीच सांगून हायकोर्ट आणि ओपन हँड एवढंच करावं आणि गाडीत बसून सेक्टर ५ ला पुढे जावं, दोन गाड्या त्यासाठीच. संग्रहालयात रॅम्प आहे पण चढ लांबचा आहे, घाई करू नये.

सकाळी पारा खाली असतो आणि दुपारी स्वेटर नको होतो. सेक्टर २२ च्या बाजारात राजमा-चावल, छोले-कुलचे गरम मिळतात. ज्येष्ठांना साधा डाळ-भात हवा असेल तर आदल्या दिवशी एखाद्या खानावळीत २३ जणांचं सांगून ठेवा, नाहीतर जेवणालाच दीड तास जातो.

---

कमानदार:

खूप खूप आभार. शनिवार ठरला, अधिवेशनाच्या तारखा तपासतो. दोन शंका उरल्या. गटातले बरेच जण रॉक गार्डन आणि तलावही करूया म्हणताहेत, दोन्ही कॅपिटॉलला लागूनच आहेत ना? आणि धुक्याने गाडी उशिरा आली तर काय वगळायचं?

---

सेंट्रिंग:

लागून आहेत, आणि म्हणूनच दिवस तिथे बुडतो. रॉक गार्डन नेकचंद यांनी टाकाऊ मालातून उभी केलेली विलक्षण जागा आहे, १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली, पण आत वाट एकदिशा आणि वळणावळणाची आहे. २३ जण आत गेले की दीड-दोन तासांच्या आत बाहेर येत नाहीत. तिच्यासाठी दुसरा दिवस ठेवा. तलाव मात्र सेक्टर ५ ला जाताना वाटेवरच आहे, दहा मिनिटं थांबा. १९५८ मध्ये पावसाळी ओढ्यावर बांध घालून तो केला. बांधावर उभं राहिलं की डोंगर, पाणी आणि मागे कॅपिटॉल कसं बसवलंय हे एका नजरेत येतं.

---

मोजपट्टी:

दाट धुकं डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत जास्त. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यातला शनिवार घेतलात तर धोका बराच कमी. तरी उशीर झालाच तर असं करा. एक तास उशीर: नाश्ता गाडीत, बाकी तसंच. दोन तास उशीर: पर्यटन केंद्राला गाडीतूनच फोन करून दुपारची फेरी मागा, आणि आधी सेक्टर १० व ५ उरका. विधानसभेवरचं सकाळचं ऊन जाईल, पण चिन्हं दुपारच्या तिरप्या उन्हात हायकोर्टाच्या बाजूने शोधता येतात. तीन तासांच्या वर गेला तर सेक्टर १९ आणि ५ सोडा. कॅपिटॉल आणि सेक्टर २२ सोडू नका.

यादी, चार तिकिटांचे नंबर, दोन्ही ड्रायव्हरांचे फोन एका कागदावर छापून दोघांकडे द्या. कॅपिटॉलमध्ये मोबाइल जमा झाले की एकाच्याही फोनमध्ये ठेवलेली यादी कामाला येत नाही.